शोधाला जाणाऱ्या होडीचं इंधन कोणाच्या खिशातून?

रविवारी संध्याकाळी केरीच्या किनाऱ्यावरून चालत आम्ही तेरेखोलच्या मुखापर्यंत गेलो. गावातली चार पोरं होडी वर काढत होती. आदल्या रात्री इंजिन बंद पडलेल्या होडीला दोर बांधून त्यांनीच किनाऱ्याला आणलं होतं. इंधन स्वतःचं, बुडालेला धंदा वेगळाच.

अडचणीत १५५४ वर तटरक्षक दलाला फोन करायचाच. पण बहुतेक वेळा आधी पोचते ती शेजारची होडी. ब्रिटनमध्ये १८२४ साली सुरू झालेली आरएनएलआय ही बचाव संस्था देणग्यांवर चालते. बोटींवर बहुतेक स्वयंसेवकच.

आमचं म्हणणं एवढंच: शोधाला गेलेल्या होडीचं इंधन आपल्या सोसायटीने भरून द्यावं. आणि मालकांनो, खलाशांच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडी लोटू नका. वाचवायला जाणाराही कुणाचा तरी पोरगाच असतो.