रक्तातली शिल्लक आणि हाडांतली ठेव

वस्तीत आरोग्य तपासणीचे शिबिर भरले की नावे लिहून घेण्याचे टेबल आमच्याकडे येते. कारकुनी आमच्या हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे हे काम आम्हाला जमतेही आणि आवडतेही. नाव, वय, काम आणि तक्रार असे चार रकाने असतात. त्यातला तक्रारीचा रकाना बायकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे एकाच मजकुराने भरतो आहे. कंबर दुखते. मांड्या भरून येतात. खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठवत नाही. जिना चढताना पाय उचलत नाही. वय विचारावे तर तीस, पस्तीस, फार तर चाळीस. कुणी घरात बसून शिवणकाम करते, कुणी गाळ्यात पॅकिंगला जाते, कुणी चार घरची धुणीभांडी करते.

यातल्या काहीजणींनी पदरचे पैसे मोडून रक्तही तपासलेले असते. कागदावर कॅल्शियमच्या पुढे ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते. मग घरचे म्हणतात, “रिपोर्ट चांगला आहे, तर मग दुखतंय कुठं? कामाचा कंटाळा, दुसरं काय!” हळूहळू त्या माउलीलाही वाटू लागते की आपणच आळशी झालो. ती औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणते, गिळते आणि पुन्हा कामाला लागते.

भगिनींनो, आजच्या सदरात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. रक्तातले कॅल्शियम बरोबर असणे आणि हाडे बरी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. पण शरीराचा हा व्यवहार हिशेबाच्या वहीसारखाच आहे, म्हणून तो आमच्या भाषेत मांडतो.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. ही झाली बँकेतली ठेव. रक्तात खेळते ते अगदी चिमूटभर, साऱ्या रक्तात मिळून अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. ही झाली गल्ल्यातली रोख शिल्लक. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, एवढ्याच पट्ट्यात ती राहावी लागते. कारण हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे निरोप, जखमेवर रक्त गोठणे, ही सारी कामे याच चिमटीवर चालतात. ती फार घटली तर ओठांना व बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात, झटकेही येतात. फार वाढली तर मळमळ, बद्धकोष्ठ, मूतखडे आणि हृदयाच्या ठोक्यात बिघाड. म्हणून शरीर बाकी कशातही काटकसर करील, पण या शिल्लकेत फरक पडू देत नाही.

ही शिल्लक सांभाळणारे खजिनदार आपल्या मानेत बसलेले आहेत. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या मागच्या अंगाला, बहुधा चार, मसुराच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. माणसाच्या शरीरातल्या या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८८० साली प्रसिद्ध केले. रक्तातले कॅल्शियम किंचित घटले तरी या ग्रंथींना ते काही क्षणांत कळते आणि त्या आपला रस, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोन, रक्तात सोडतात.

हा हार्मोन तीन ठिकाणी हुकूम धाडतो. पहिला हाडांना: ठेवीतून रक्कम काढा. दुसरा मूत्रपिंडाला: लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवा. तिसरा हुकूमही मूत्रपिंडालाच, पण त्याचा लाभ आतड्याला: ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लावा, म्हणजे खाल्लेल्या अन्नातून कॅल्शियम ओढून घेता येईल. गल्ला भरला की खजिनदार गप्प बसतो.

आता हे ‘ड’ जीवनसत्त्व येते कुठून? अन्नातून थोडेसेच, मुख्यतः आपल्याच कातडीतून. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले की कातडीतल्या एका द्रव्यापासून ते तयार होते. पण हा कच्चा माल. तो प्रथम यकृतात जातो, तिथे त्याचे एक रूपांतर होते. मग मूत्रपिंडात दुसरे रूपांतर होते, तेव्हा कुठे ते कामाचे होते. दुखण्याच्या गोळ्या रोज, महिनोन् महिने खाल्ल्या तर मूत्रपिंडावर घाला पडू शकतो, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे शेवटचे टेबल तिथेच आहे, हेही लक्षात ठेवावे.

‘ड’ पुरेसे असेल तर अन्नातल्या शंभर भाग कॅल्शियमपैकी तीस-चाळीस भाग आतडे शोषून घेते. ‘ड’ नसेल तर जेमतेम दहा-पंधरा. म्हणजे ताटात कॅल्शियम असूनही ते अंगी लागत नाही. जमा थांबली, खर्च मात्र रोजचा चालू. मग खजिनदार काय करणार? तो रोज ठेव मोडतो. रोज संध्याकाळी रोख शिल्लक बरोबर जुळते. केवळ रोजकीर्द पाहणारा म्हणतो, सर्व ठीक आहे. पण बँकेचे पुस्तक उघडून पाहिले तर खाते रिकामे होत चाललेले असते.

रक्तातले कॅल्शियम नॉर्मल आणि कंबर मोडलेली, या कोड्याचा उलगडा बहुतेक वेळा असा आहे. नवे हाड तयार होते, पण त्यात चुना भरत नाही; ते मऊ राहते. मोठ्यांत कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात, मांड्यांतली ताकद जाते, चाल डुलती होते. वाढत्या मुलांत यालाच मुडदूस म्हणतात. पाय वाकतात, मनगटे रुंद होतात, दात उशिरा येतात.

हे कोडे वैद्यकशास्त्रालाही सहजासहजी सुटले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्हिएन्ना शहरात याकोब एर्डहाइम यांना मऊ हाडांच्या रोग्यांत पॅराथायरॉईड ग्रंथी फुगलेल्या आढळल्या. त्यांनी तर्क केला की या ग्रंथी बिचाऱ्या हाडांच्या दुखण्याला तोंड देऊन थकल्या आहेत, म्हणून वाढल्या आहेत. पुढे त्याच शहरात ट्रामवर काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका कंडक्टरची हाडे दुखू लागली आणि मांडीचे हाड मोडले. फेलिक्स मांडल या सर्जननी त्याच तर्काने त्याला आणखी पॅराथायरॉईड दिले. गुण आला नाही. अखेर १९२५ साली त्यांनी त्याचा गळा उघडला, तर एका ग्रंथीवर गाठ सापडली. ती काढताच दुखणे ओसरले आणि तो माणूस पुन्हा चालू लागला. पुढे काही वर्षांनी आजार उलटला हेही खरे. पण त्या शस्त्रक्रियेने जगाला एक धडा दिला. कधी खजिनदार स्वतःच बिघडतो आणि गरज नसताना ठेव उपसतो. तेव्हा रक्तातले कॅल्शियम वाढलेले दिसते. आणि कधी जमाच नसते म्हणून इमानी खजिनदार नाइलाजाने ठेव उपसतो; तेव्हा रक्तातले कॅल्शियम नॉर्मल किंवा थोडे कमी दिसते. एर्डहाइम यांचा तर्क या दुसऱ्या प्रकाराला बरोबर लागू होता. आमच्या वस्तीतल्या मायभगिनींचे दुखणे बहुधा याच जातीचे असते. पहिल्याला शस्त्रक्रिया लागते, दुसऱ्याला जमा वाढवावी लागते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

कुणी विचारील, आपल्या देशात उन्हाला काय तोटा? प्रश्न रास्त आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांचे ‘ड’ जीवनसत्त्व बरे होते, पण रुग्णालयात छपराखाली राबणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांचे फारच कमी भरले. २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात दिल्लीतल्या धुरकट मोरी गेट भागातल्या बालकांत ते गुडगावच्या स्वच्छ हवेतल्या बालकांपेक्षा कमी आढळले. म्हणजे ऊन आकाशात असून भागत नाही, ते अंगावर पडावे लागते. आमच्या बायका पहाटे पाण्याला उठतात, दिवसभर पत्र्याखाली किंवा गाळ्यात असतात. इमारतीला इमारत चिकटलेली, खिडकीला काच. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण ‘ड’ बनवणारे किरण काच अडवते.

दुसरी समजूत कोवळ्या उन्हाची. सकाळी सहा-सातचे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात हे किरण फार थोडे असतात. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. वैशाखात सकाळी दहाच्या सुमारासच सावली आखूड होते, तेव्हा भर दुपारी उन्हात जाऊन चक्कर ओढवून घेऊ नये. हिवाळ्यात मात्र बाराच्या आसपासचेच ऊन धरावे लागते. हात, पाय, चेहरा उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस अर्धा-अर्धा तास गच्चीवर किंवा अंगणात बसावे, चटका बसेपर्यंत नव्हे. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. सावळा रंग हे उणेपण नव्हे. ते कातडीने स्वतःवर धरलेले छत्र आहे. त्या छत्रातून ऊन आत यायला वेळ लागतो, एवढेच.

आता जमेची बाजू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. कपभर दुधातून अडीचशेच्या आत मिळते. दूध परवडत नाही म्हणून हात झटकायचे कारण नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, आणि बिनसोलल्या तिळात हजाराहून अधिक मिलिग्रॅम असते. सुकट आणि काट्यासकट चावून खाल्लेली लहान मासळी हाही कॅल्शियमचा मोठा साठा. पालकातले कॅल्शियम मात्र आतड्याला फारसे मिळत नाही. आणि तंबाखूबरोबर चुना जातोच, असे समाधान कुणी मानू नये. त्या चिमटीबरोबर तोंडाचा कर्करोग येतो.

गरोदर भगिनींना चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचे सरकारी धोरण आहे, त्या सरकारी दवाखान्यातून मागून घ्याव्यात. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे.

‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आता दुकानोदुकानी मिळते. डॉक्टर सांगतील तितके आठवडेच ती घ्यावी. एकीला गुण आला म्हणून शेजारणीने मनाने सुरू करू नये, महिन्या-महिन्याला इंजेक्शने टोचून घेऊ नयेत. हे जीवनसत्त्व अंगात साठते, आणि अति झाले तर रक्तातले कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. वर सांगितलेली दुखणी महिनोन् महिने हटत नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “कॅल्शियम नॉर्मल आहे, पण ‘ड’ जीवनसत्त्व पाहायला हवे का? अल्कलाइन फॉस्फेटेज पाहायला हवे का?” ही दुसरी तपासणी तुलनेने स्वस्त आहे आणि हाडे मऊ पडत असली की तिचा आकडा बहुधा वाढलेला दिसतो. गरज वाटली तर पॅराथायरॉईड हार्मोनची तपासणी डॉक्टर पुढे सांगतील. विचारायला लाजू नका.

आणि घरच्या पुरुषांनाही आमचे सांगणे आहे. बायको, आई, सून ‘दुखतंय’ म्हणाली तर कागदावरच्या एका शब्दावरून तिला खोटे ठरवू नका. शिल्लक जुळली म्हणून संसाराला कर्ज नाही असे होत नाही, हे तर तुम्ही-आम्ही पगाराच्या तारखेला अनुभवतोच. येत्या रविवारी दुपारचे धुणे तिच्या हातून घ्या, आणि तिला गच्चीवर अर्धा तास उन्हात बसू द्या. पंधरा दिवस झाले तरी दुखणे तसेच असेल, तर रजा टाकून तिला दवाखान्यात घेऊन जा.