वजाबाकी न केलेला पुरावा

यकृताच्या सिरॉसिसवर मूलपेशींचा उपचार विकणारी खासगी केंद्रे पुरावा म्हणून दोन अहवाल शेजारीशेजारी ठेवतात : एक इंजेक्शनपूर्वीचा, दुसरा तीन महिन्यांनंतरचा. बिलिरुबिन उतरलेले, अल्ब्युमिन वाढलेले, पोटातले पाणी ओसरलेले. आकडे खरेही असतील. तरीही तो पुरावा नव्हे, आणि तो पुरावा म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

सिरॉसिस हा चढउतारांचा आजार आहे. रुग्ण अशा केंद्राची पायरी चढतो तो बहुधा प्रकृती फार ढासळल्यावर. तेव्हा पुढचे मोजमाप थोडे बरे येण्याची शक्यता मुळातच अधिक. त्यातच दारू सुटलेली असते, हेपटायटिस बी किंवा सी असल्यास विषाणूविरोधी औषधे चालू असतात, मीठ तोडलेले असते. या सगळ्यातून मूलपेशींचा वाटा वेगळा काढायचा, तर तशाच रुग्णांचा, तशीच शुश्रूषा मिळालेला, पण मूलपेशी न मिळालेला गट लागतो. पार्श्वभूमी वजा न करता संकेत सापडल्याचे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची प्रयोगवही परत येते. इथे मात्र त्यावर पावती फाडली जाते.

ब्रिटनमधील ‘रिअलिस्टिक’ चाचणीत 81 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी झाली : नेहमीचे उपचार, जी-सीएसएफ हे अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात आणणारे औषध, आणि त्या औषधासोबत रुग्णाच्याच सीडी133 पेशी. 2018 मध्ये निकाल आला. 90 दिवसांत आजाराची तीव्रता मोजणाऱ्या मेल्ड गुणांकातील मध्यक घट तिन्ही गटांत सारखीच, अर्ध्या अंकाची होती. गंभीर दुष्परिणाम मात्र पेशी मिळालेल्या गटात अधिक आढळले. पहिला गट नसता, तर तोच अर्धा अंक जाहिरातीत झळकला असता.

तुलनेचा गट असला तरी काम संपत नाही. यकृत अचानक निकामी होऊ लागलेल्या 47 रुग्णांवरील दिल्लीच्या चाचणीत, 2012 मध्ये, जी-सीएसएफ घेणाऱ्यांची 60 दिवस जगण्याची शक्यता 66 टक्के दिसली, इतरांची 26. संशोधकांनी काहीही गैर केले नव्हते. चाचणी रीतसर होती, फक्त लहान होती. जर्मनीत 176 रुग्णांवर याच औषधाची पारख झाली, 2021 मध्ये निकाल आला आणि लाभ दिसला नाही. रुग्णगट आणि देश वेगळे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर आणखी चाचण्या हे आहे, दरपत्रक नव्हे.

नियम संदिग्ध नाहीत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य उपयोगांखेरीज मूलपेशी केवळ मंजूर चाचणीतच देता येतात. म्हणून आता विक्रीलाच ‘चाचणी’ म्हणण्याची चलाखी सुरू झाली आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंद क्रमांक दाखवला जातो. पण ती नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, गुण येण्याची ग्वाही तर नाहीच. आणि संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेऊ नये, असे आयसीएमआरची नैतिक तत्त्वेच सांगतात.

भारतात यकृत प्रत्यारोपण बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊन होते. पैसे उभे करायचे, दाता शोधायचा, आणि हे सारे रुग्णात शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद उरली आहे तोवर. त्याच दिवसांत आणि त्याच पैशांत ही इंजेक्शने विकली जातात. अशा घरातल्या माणसांनी केंद्राला निदान एवढे विचारावे : ही चाचणी असेल, तर तुलनेचा गट कुठे आहे, आणि बिल कशाचे?