वास दारूला येतो की जातीला?

हातभट्टीवर धाड पडली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते. उग्र वास, गंजलेले पिंप, इतके लिटर कच्चे रसायन नष्ट. फोटोत मागे झोपड्या आणि पदराने तोंड झाकलेली एखादी बाई. वाचणारा नाकाला रुमाल लावतो आणि म्हणतो, 'हे लोक असेच.' आम्हाला या नाकाशीच वाद घालायचा आहे.

आधीच स्पष्ट करतो. आम्ही बौद्ध आहोत. पंचशीलातले पाचवे शील आणि 22 प्रतिज्ञांमधली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आम्हाला मान्य आहे. दारूने आमच्या वस्त्यांतले किती संसार धुळीला मिळवले ते आम्ही रोज पाहतो. पण दारूला विरोध करणे वेगळे आणि दारूच्या नावाखाली माणसांना हीन ठरवणे वेगळे.

आता वासाचे पाहू. आज मोबाईलवर व्हिडिओ पाहून घरी दारू गाळू पाहणारी पोरे आपल्या वस्तीतही आहेत. त्यांची पहिली शंका हीच असते: वास घाण येतोय, विषारी झाली का? आणि वास नाही आला तर ती निर्धास्त होतात. दोन्ही समजुती चूक आहेत. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाच्या वायूचा. आंबवताना यीस्टला पोषण कमी पडले की तो तयार होतो. नेलपॉलिशसारखा झोंबरा वास येतो तो इथाइल अ‍ॅसिटेटचा. असे झोंबरे पदार्थ गाळताना सुरुवातीलाच जास्त उतरतात. गंमत अशी की जगभरचे जाणकार गाळणारे हा पहिला भाग फेकून देतात आणि आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून तीच मिरवली जाते.

पण माणसे मारणारे मेथॅनॉल नाकाला कळत नाही. त्याचा वास साध्या अल्कोहोलसारखाच, उलट थोडा सौम्य. काडी लावून निळी ज्योत पाहण्याची परीक्षाही फसवी आहे, कारण दोन्ही निळेच जळतात. शरीरात मेथॅनॉलचे फॉर्मिक अ‍ॅसिड होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाव घालते. त्रास लगेच होत नाही, बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. पोटदुखी, उलट्या, धूसर दिसणे. तोवर पिणारा समजतो की चढली होती, उतरली.

आणि हे मेथॅनॉल येते कुठून? गूळ-साखर आंबवून ते इतके तयारच होत नाही की एका रात्रीत वस्ती मरावी. सामूहिक मृत्यू होतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचे औद्योगिक मेथॅनॉल असते. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली. जुलै 2022 मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक मेली, तिथे तर कारखान्यातून चोरलेले मेथॅनॉल पाणी घालून विकले गेले होते. जून 2024 मध्ये तमिळनाडूत कल्लकुरिचीला साठहून अधिक मेली. तिन्ही ठिकाणी मेली ती हातावर पोट असलेली माणसे. मग पिंप कारखान्यातून बाहेर पडले कसे, हा प्रश्न मागे का पडतो? झोपडीचा वास पुढे येतो म्हणून.

गुजरातेत तर राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. बंदीने दारू थांबली नाही, फक्त लपली. लपली म्हणून तिच्यात काय मिसळले ते कोणी तपासू शकत नाही. आणि पिणाऱ्याला दिसेनासे झाले तरी घरचे त्याला दवाखान्यात नेत नाहीत, कारण पोलीस विचारतील, 'कुठे प्यायलास?' वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळाले तर वाचू शकणारा माणूस या भीतीने घरातच मरतो.

बाबासाहेबांनी हे सत्तर वर्षांपूर्वी ओळखले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या 1951 च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची भूमिका आहे. त्यातला युक्तिवाद थेट घरच्या भट्टीबद्दल आहे. पूर्वी दुकानात जाणारे पुरुषच पीत. बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला आणि ती बायका-मुलांच्या डोळ्यांदेखत गाळली जाऊ लागली. सरकारचा महसूल बुडाला तो वेगळाच. त्याच बाबासाहेबांनी पाच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात, दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. पोलिसाच्या दंडुक्याने माणूस शहाणा होत नाही, तो स्वतःच्या निर्धाराने होतो, हा त्याचा अर्थ आहे.

कोणी म्हणेल, संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्येच दारूबंदी आहे. आहे. पण तोच अनुच्छेद सुरुवातीला लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य सांगतो. सरकारला शेवटचे वाक्य आठवते, पहिले आठवत नाही.

आता दुटप्पीपणा पाहा. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा उग्र दर्प हा तिचा गुण म्हणून पर्यटकांना सांगितला जातो. फेणीबद्दल आमची तक्रार नाही. पण तिथे दर्प वारसा ठरतो आणि कंजारभाटांच्या वस्तीत तोच गुन्ह्याचा पुरावा, हे कसे? 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पोलीस ठाण्याच्या डोक्यातून नाही. ज्यांना जमीन दिली नाही, नोकरी दिली नाही, त्यांच्या भट्ट्या फोडायला मात्र दर महिन्याला गाडी येते.

याचा अर्थ 'बाटली आडवी' करण्यासाठी मतदान करणाऱ्या आमच्या आयाबहिणी चुकल्या असा नाही. मार त्या खातात, पगार त्यांचा बुडतो. दुकान बंद करण्याचा हक्क त्यांचाच आहे. पण दुकान बंद झाल्यावर गल्लीत पाऊच विकणारा येतो आणि ठाण्याचा हप्ता चालू राहतो, तेव्हा त्यांची फसवणूक होते. त्या फसवणुकीविरुद्ध बोलणे हे त्यांच्याच बाजूने बोलणे आहे.

म्हणून मित्रांनो, आमच्या मागण्या साध्या आहेत. मेथॅनॉलच्या प्रत्येक पिंपाचा कारखान्यापासून शेवटच्या ग्राहकापर्यंत हिशेब ठेवा आणि गळती झाली तर मालकावर गुन्हा नोंदवा. विषबाधेचा उतारा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवा आणि रुग्णाला आधी उपचार, चौकशी नंतर, असा नियम करा. भट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना पर्यायी रोजगार द्या, मग भट्टी फोडा.

आणि आपले काम आपण करू. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा. घरी गाळण्याची हौस असलेल्या पोराला हसू नका, हाकलू नका. नाकावर आणि काडीवर विसंबू नकोस, हे त्याला समजावून सांगा. पिऊन आलेल्याला दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागले तर रिक्षा करून थेट सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना खरे सांगा. लाजेपेक्षा डोळे मोठे आहेत. तो वाचला तर पाचवे शील त्याला उद्या सांगता येईल.

जयभीम!