खोली, कुलूप आणि कागद

चंदीगडची ओळख आपल्याकडे नियोजित शहर म्हणून आहे. ल कॉर्बुझिएचा आराखडा, क्रमांक दिलेले सेक्टर, रुंद रस्ते, सुखना तलाव. अभ्यासदौऱ्यांतही बहुधा हेच दाखवले जाते. पण या नकाशाच्या पोटात जुनी गावे आहेत. सेक्टर 45 मध्ये बुडैल आहे, सेक्टर 42 मध्ये अटावा आहे. राजधानीसाठी शेतजमिनी संपादित झाल्या आणि गावांची वस्ती तेवढी जागच्या जागी राहिली. महसुली नकाशावर या वस्तीभोवती लाल रेघ असते, म्हणून तिला 'लाल डोरा' म्हणतात. आपल्याकडच्या गावठाणाचाच हा उत्तरेकडचा भाऊ.

शेती गेल्यावर या गावांनी काय करावे? मोबदल्याची रक्कम फार काळ पुरत नाही. मग घराच्या मागे दोन खोल्या, त्यांवर दोन खोल्या, असे करत गावोगावी खोल्यांचे पीक उभे राहिले. औद्योगिक वसाहतीतले कामगार, हमाल, पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बायका अशा खोल्यांत राहतात. सेक्टरमधले भाडे त्यांना परवडत नाही. म्हणजे येथील घरमालक हा कोणी जमीनदार नव्हे. बहुतेकदा तो जमीन गमावलेला शेतकरी किंवा त्याची विधवा असते, आणि भाडे हेच त्या घराचे उत्पन्न असते.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तिकडे असताना अशा एका घरी जाण्याचा प्रसंग आला. घरमालकीण वृद्ध होत्या. सगळे त्यांना बीजी म्हणत. सात खोल्या. एका भाडेकरूने पाच महिने भाडे दिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. कचेरीत गेल्या तेव्हा, खोली तुमची असल्याचा कागद आणा, असे सांगण्यात आले. असा कागद त्यांच्याकडे नव्हता. अखेर कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी त्या खोलीची वीज तोडली आणि भाडेकरू कामावर गेला असताना दारावर आपले कुलूप लावले. भाडेकरू बिहारचा, गोदामात काम करणारा. त्याचे म्हणणे, तीन महिन्यांचे पैसे मी हातात दिले, पण पावती आजवर कधी मिळालीच नाही. त्याचा सगळा संसार कुलपाआड होता आणि बायको-मुलासह तो शेजारच्या गच्चीवर झोपत होता.

खरे कोण बोलत होते? मला आजही ठाऊक नाही. आणि हाच माझ्या लेखाचा विषय आहे. त्या दिवशी एखादा न्यायाधीश तेथे येऊन बसला असता, तरी त्याच्यापुढे ठेवायला दोघांकडेही काही नव्हते.

कायद्यात तरतुदी नाहीत, असे मात्र नाही. 1949 चा पूर्व पंजाब नागरी भाडे निर्बंध कायदा संसदेने 1974 मध्ये चंदीगडला लागू केला. या कायद्याने भाडेकरूला काढण्याची कारणे मोजून दिली: भाडे थकवणे, लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, वापर बदलणे, मालकाची स्वतःची खरी गरज इत्यादी. भाडे थकले तरी पहिल्या सुनावणीला थकबाकी, व्याज व खर्च भरून भाडेकरू आपली जागा वाचवू शकत असे. पुढे 2002 च्या अधिसूचनेने दरमहा 1500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या इमारती या संरक्षणातून वगळल्या गेल्या.

पण हा कायदा नावाप्रमाणेच नागरी. चंदीगडपुरती नागरी क्षेत्राची व्याख्याही खास होती: नियोजित राजधानीचे क्षेत्र, आणि त्याबाहेरचा जो भाग सरकार अधिसूचनेने नागरी ठरवील तो. जेथे हा कायदा पोहोचत नाही, तेथे मालकाने रीतसर नोटीस देऊन भाडेपट्टा संपवायचा आणि दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा लावायचा. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही; मात्र वेळ, वकील आणि कागद लागतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात महिन्याच्या भाडेपट्ट्यासाठी 15 दिवसांची नोटीस सांगितली आहे. गंमत अशी की पंजाबच्या मुलखात तो कायदा सुरुवातीपासून पूर्णपणे लागूच केला गेला नव्हता. न्यायालये त्याची तत्त्वे तेवढी वापरत आली.

2018 च्या अखेरीस दरिया, धनास, कैंबवाला यांच्यासह उरलेली 13 गावे महापालिकेत विलीन झाली आणि तेथील पंचायती संपल्या. राजपत्रातल्या एका आदेशाने गाव शहर झाले. परंतु पालिकेच्या दृष्टीने शहर, महसुलाच्या दृष्टीने लाल डोरा आणि भाडे कायद्याच्या दृष्टीने अधिसूचना निघेल त्याप्रमाणे, अशा तीन वेगळ्या व्याख्यांत एकच घर उभे राहिले. आपण कोणत्या दारी जायचे, हे बीजींना कोणी सांगावे? ज्यांनी लाल डोऱ्याबाहेर बांधकाम केले, त्यांची अवस्था याहून अवघड. 1952 च्या परिसर नियंत्रण कायद्याखाली बांधकामच बेकायदा ठरण्याची भीती असल्याने ते न्यायालयाची पायरी चढतच नाहीत.

भाडेकरूंच्या निष्कासनाची चर्चा आपण नेहमी एकाच प्रश्नाभोवती करतो: कायदा मालकाच्या बाजूने असावा की भाडेकरूच्या? माझ्या मते अशा गावांपुरता हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न अभिलेखाचा आहे. लाल डोऱ्यातील वस्ती महसुली अभिलेखात पिढ्यानपिढ्या एकत्रित आबादी म्हणून नोंदलेली. घराघरांची मालकी त्यात नाही. म्हणून मालकाला मालकी सिद्ध करता येत नाही. भाडे रोखीने आणि पावतीविना, म्हणून भाडेकरूला भाडेकरूपण सिद्ध करता येत नाही. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी कायद्याची सगळी कलमे सारखीच निरुपयोगी असतात. मग उरते ते कुलूप.

1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम 6 पाहा. कायद्याच्या मार्गाने न जाता कोणाचा ताबा हिसकावला गेला, तर मालकी कोणाची हे न पाहता ताबा परत मिळवता येतो. मुदत 6 महिन्यांची. हे कलम म्हणजे त्या हमालाच्याच कामाचे. पण आपण त्या खोलीत राहत होतो, हे त्याने कशाने दाखवायचे?

एक कागद मात्र असतो, आणि तो पोलिसांकडे. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी, असे आदेश जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी काढतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. म्हणजे संशयासाठी शासनाने नोंदीची व्यवस्था केली; हक्कासाठी केली नाही. याची किंमत 2020 मध्ये कळली. टाळेबंदीत, 29 मार्च रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की स्थलांतरित कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये आणि त्यांना घराबाहेर काढू नये. आदेश योग्य होता. पण कोण कोणाचा भाडेकरू, याची यादीच नसताना अंमलबजावणी अधिकाऱ्याने कशाच्या आधारे करायची?

महाराष्ट्राने यातला एक धडा आधी गिरवला आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने लेखी आणि नोंदणीकृत करार ही मालकाची जबाबदारी केली. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे शहरांत 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार नोंदवणे अंगवळणी पडले. परंतु तो कायदाही अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता. कारखान्यांच्या पट्ट्यातील आपल्या अनेक गावांत आज चाळीच्या चाळी उभ्या आहेत. तेथील कथा बीजींच्या कथेहून फार वेगळी नाही.

केंद्राने 2021 मध्ये राज्यांसाठी संमत केलेला आदर्श भाडेकरू कायदा मला म्हणूनच दिशादर्शक वाटतो. तो शहर आणि खेडे असा भेद करत नाही. लेखी करार आणि त्याची भाडे प्राधिकाऱ्याकडे सूचना तो आवश्यक मानतो. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करतो आणि वाद चालू असताना वीज-पाणी तोडण्यास मनाई करतो. प्राधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचा, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी.

अर्थात नुसता कायदा स्वीकारून भागणार नाही. करार नोंदवला तर कर लागेल, अशी मालकाला भीती वाटते. करार मागितला तर खोलीच मिळणार नाही, अशी भाडेकरूला. ही भीती खोटी नाही. म्हणून नोंदणी एका पानाची, गावातच होणारी आणि नाममात्र शुल्काची हवी, आणि तीत दिलेली माहिती जुन्या बांधकामाविरुद्ध वापरली जाणार नाही, अशी हमी हवी. पोलिसांना द्यायचे पत्रक आणि भाडेकराराची सूचना एकाच अर्जात घेता येईल. आबादीच्या मोजणीसाठी 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, पण ती ग्रामीण वस्त्यांसाठी आखलेली. ज्या गावाची पंचायतच संपली, त्याने तिच्यापुढे कोणत्या नावाने उभे राहायचे? गाव विलीन करणाऱ्या आदेशातच घरांची मोजणी आणि चालू भाडेपट्ट्यांची नोंद यांची मुदत घालून द्यायला हवी. हद्द बदलताना आपण रस्ते, दिवे आणि कर्मचारी यांची व्यवस्था लावतो; त्या हद्दीत राहणाऱ्यांच्या नात्यांची लावत नाही.

बीजींचा वाद अखेर शेजारपाजाऱ्यांनी मिटवला. दोन महिन्यांचे भाडे सोडून द्यायचे आणि त्याने आठवड्यात खोली रिकामी करायची. सामान हातगाडीवर चढत असताना बीजींनी त्याच्या मुलाच्या हातात गुळाचा खडा ठेवला. दोघेही आपण बुडालो असे समजून वेगळे झाले. त्याच संध्याकाळी ती खोली दुसऱ्या कोणाला तरी दिली गेली. तोंडी.