डोक्यावरचा खोपा

"काय व माय, हाई डोकं शे का सुगरणना खोपा?" सुट्टीत धुळ्याला गेले की आजी हेच विचारते. कॉन्व्हेंटमध्ये तेल थापून दोन घट्ट वेण्या होत्या. आता जळगावला कॉलेजात सल्ला मिळतो, "इंटरव्ह्यूआधी स्ट्रेटनिंग कर, प्रोफेशनल दिसशील." एकदा केलंही. गरम इस्त्रीने केसातले हायड्रोजन बंध तुटतात खरे, पण घाम आला की पुन्हा जुळतात. आणि एप्रिल, तोही खान्देशातला! बसस्टँडपर्यंत निम्मं डोकं परत कुरळं.

मैत्रिणींनो, आता मी फारसं काही करतच नाही. भरपूर कंडिशनर, ओल्यातच मोठ्या दातांचा कंगवा, वर जवस उकळून गाळलेला चिकट रस, बस. कोरड्या केसांना कंगवा नाही. पार्लरमध्ये मात्र भांडते : कोरडेच कापा! ओला कुरळा केस म्हणजे ताणलेली स्प्रिंग, वाळला की आखडतो. ताई हसतात, पण कापतात.

केस ज्या नळीतून उगवतो तीच वाकडी, म्हणून केस कुरळा. यात माझी शिस्त कुठे आली? मार्क विचारा ना! पुढच्या महिन्यात कॅम्पस आहे. मी अशीच जाणार. आईला अजून सांगितलेलं नाही.