स्वस्त दराचें महाग दुखणें

घरांत दुखणें आलें म्हणजे कुणब्याच्या घरचें पहिलें जनावर बाजाराची वाट धरतें. आधीं दुभती गाय जाते, मग बायकोच्या गळ्यांतलें डोरलें जातें, आणि शेवटीं बांधालगतचा तुकडा जातो. हा क्रम आमच्या आजोबांच्या वेळीं होता आणि तो अजून मोडलेला नाहीं. मध्यंतरीं गोऱ्यांचें राज्य गेलें, आपलें आलें, अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. पण दुखण्याची वाट गोठ्यावरूनच जाते. मग आम्ही विचारतों कीं, महात्मा जोतीराव फुल्यांच्या नांवानें मोफत उपचारांची योजना चालू असतां ही गाय कां विकावी लागते?

योजना काय आहे तें आधीं नीट समजून घेऊं. २०१२ सालीं ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस साऱ्या राज्यांत गेली, आणि २०१७ सालीं तिला जोतीरावांचें नांव मिळालें. कुटुंबाला वर्षाकांठीं दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तींत बसे. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा पांच लाख झाली व राज्यांतील सर्व कुटुंबांना दार उघडें झालें. २०२५ सालीं उपचारांची यादी १३५६ वरून २३९९ वर नेण्याचें सरकारनें ठरविलें. प्रत्येक उपचाराला एक ठरीव रक्कम आहे. ती सरकारच्या बाजूनें इस्पितळाला मिळते. खाट, औषधें, तपासण्या, जेवण, घरीं सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची देखभाल आणि परतीचें एस. टी. चें भाडें, हें सारें त्या रकमेंत धरलेलें आहे. रोग्यानें एक पैसाही द्यावयाचा नाहीं. कागद असा उत्तम आहे.

आतां कागदाबाहेरची गोष्ट ऐका. राहात्याच्या आठवड्याच्या बाजारांत एक कुंभारीण आमच्याजवळ येऊन बसली. नवरा भट्टीवर घसरून पडला आणि मांडीचें हाड मोडलें. एका इस्पितळांत नेलें. त्याचें नांव आम्ही घेत नाहीं, कारण दोष एका इस्पितळाचा नाहीं. तेथें सांगितलें, योजनेंतली खाट रिकामी नाहीं. दोन दिवसांनीं खाट निघाली, तर योजनेंतली सळई हलकी आहे, चांगली हवी तर वरचे पैसे भरा. पैसे भरले, तर पावतीवर ‘इतर’ एवढाच शब्द. दोन शेळ्या गेल्या, कानांतलीं फुलें गेलीं. बाई म्हणाली, “दादा, फुकाटचं म्हनत्यात त्याला एवढं लागलं, मंग इकतच्याला किती लागंल?” या सवालाचें उत्तर मुंबईच्या मंत्रालयानें द्यावें.

पुष्कळ लोक याचें सोपें उत्तर देतात. डॉक्टर लुटारू आहेत म्हणतात, चार शिव्या देतात आणि मोकळे होतात. लुटारू आहेतच, आणि त्यांची गय करावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण नुसत्या शिव्यांनीं शेळी परत येत नाहीं. रोगाचें मूळ शोधलें पाहिजे, आणि आमच्या मतें तें सरकारच्या दरपत्रकांत आहे.

योजनेचे दर परवडत नाहींत व झालेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळत नाहींत, ही इस्पितळांची तक्रार वर्षानुवर्षें चालत आली आहे. क्षणभर ती खरी धरा आणि हिशेब मांडा. सरकारनें एका शस्त्रक्रियेचा दर एकदां ठरविला. पुढें नर्सबाईचा पगार वाढला, विजेचें बिल वाढलें, औषधें, टांक्याचा दोरा, सारें वाढलें. दर मात्र दगडासारखा जागच्या जागीं. आणि तोही हातीं यावयाला महिने लागतात. अशा वेळीं इस्पितळापुढें तीनच वाटा राहतात. पहिली, तोटा सोसावा. दुसरी, खाट नाहीं म्हणून रोग्याला परत पाठवावें. तिसरी, राहिलेली रक्कम रोग्याच्या कनवटीतून काढावी. जो प्रामाणिक व लहान आहे तो पहिल्या वाटेनें कांहीं दिवस चालतो आणि मग थकून योजनेंतूनच बाहेर पडतो. उरतात ते दुसऱ्या व तिसऱ्या वाटेचे. म्हणजे शिळा दर हा लबाडाला शिक्षा करीत नाहीं. तो भल्या माणसाला हांकलून देतो आणि मैदान लबाडाच्या हवालीं करतो!

दर न वाढवून सरकार पैसे वाचवितें असें कोणी म्हणेल. साफ खोटें. खर्च वाचत नाहीं, तो नुसता जागा बदलतो. तिजोरींतून जावयाचा पैसा कुंभारणीच्या शेळीतून जातो, एवढाच फरक. आणि वर सरकार सांगावयाला मोकळें कीं आम्ही उपचार फुकट केले! देशांतला आरोग्याचा एकूण खर्च पाहिला तर त्यांतील शंभरांतले ३९ हून अधिक रुपये लोकांनीं स्वतःच्या खिशांतून दिले, असें २०२१-२२ चा सरकारचाच हिशेब सांगतो.

आमच्या खेड्यांतील जुन्या बलुत्याची रीत आठवा. ती रीत चांगली होती असें नव्हे. तिनें किती जातींना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभें केलें तें आम्ही विसरलेलों नाहीं. पण तिच्यांत एक शहाणपण होतें. सुताराचें, लोहाराचें बलुतें धान्यांत होतें. बाजारांत ज्वारी महागली तरी त्याच्या पायलीला कमी भाकरी होत नसत. मजुरीचें माप पोटाच्या मापाशीं बांधलेलें होतें. अडाणी म्हणून हिणवलेल्या कुणब्याला जें कळत होतें, तें शिकलेल्या कारकुनाला कळूं नये काय?

कळतें, पण तें स्वतःपुरतें कळतें. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षांतून दोनदां, जानेवारीपासून व जुलैपासून, महागाईचा आंकडा पाहून ठरतो. तेथें कोणी म्हणत नाहीं कीं बारा वर्षें थांबा. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं व पेन्शनरांसाठीं जी आरोग्य योजना आहे, तींत डॉक्टरच्या तपासणीची फी २०२३ सालीं १५० वरून ३५० रुपये झाली. त्या योजनेंतील शस्त्रक्रियांचे दर मात्र २०१४ नंतर २०२५ सालीं मोठ्या प्रमाणांत सुधारले. म्हणजे साहेबांच्या दुखण्यालाही अकरा वर्षें वाट पाहावी लागली. मग आमच्या दुखण्याची आठवण कोणाला? दीड लाखाची मर्यादा २०१२ पासून २०२४ पर्यंत, पुरीं बारा वर्षें, हलली नाहीं. बारा वर्षांत कालवडीची गाय होऊन ती म्हातारी होते!

दर व मर्यादा शिळ्या ठेवल्या म्हणजे गरिबाचें काय होतें, याचा एक हिशेब मुलांकडून पाटीवर मांडून घ्या. धर्मादाय इस्पितळांनीं शंभरांतल्या दहा खाटा निर्धनांना फुकट व दहा दुर्बलांना सवलतीनें द्याव्या, असा मुंबई उच्च न्यायालयानें मान्य केलेल्या योजनेचा दंडक आहे. निर्धन कोण? ज्या घराचें वर्षाचें उत्पन्न ८५,००० रुपयांच्या आंत तो, अशी मर्यादा कांहीं वर्षें होती. आतां रोजचे ३०० रुपये घेऊन वर्षाचे ३०० दिवस राबणारा मजूर घ्या. त्याचे ९०,००० होतात. बायको घरीं आजारी, चार तोंडें खाणारीं; तरी सरकारच्या वहींत तो निर्धन नाहीं! पांच हजारांनीं तो श्रीमंत ठरला. पुढें ही मर्यादा १,८०,००० व दुर्बलांसाठीं ३,६०,००० झाली हें ठीक झालें. पण मधल्या काळांत जे परत फिरले त्यांच्या गाई कोण आणून देणार? कलमकसायाला सुरी लागत नाहीं. जुना आंकडा तसाच ठेवला कीं काम भागतें.

आतां आमचाच एखादा वाचक रागानें विचारील कीं, तुम्ही रयतेचे कैवारी म्हणवितां आणि डॉक्टरांचे दर वाढवा म्हणतां, हें काय? बाबा, रागावूं नकोस. याच तालुक्यांतील पुणतांब्यानें १ जून २०१७ रोजीं शेतकऱ्यांचा संप उभा केला आणि दूध-भाजीपाला शहरांत जाऊं दिला नाहीं. मागणें काय होतें? कर्जमाफीबरोबर हेंही होतें कीं पिकाला उत्पादनखर्च धरून भाव द्या. जो न्याय आमच्या कांद्याला व दुधाला, तोच न्याय रात्रपाळीच्या नर्सबाईच्या घामाला. खर्चापेक्षां कमी भावांत कोणी प्रामाणिक माल देऊं शकत नाहीं, हें आम्हांपेक्षां जास्त कोणाला ठाऊक आहे? उसाचा भाव केंद्र सरकार दरसाल ठरवितें. १०.२५ टक्के उताऱ्याला २०२३-२४ सालीं क्विंटलला ३१५ रुपये होते, पुढच्या सालीं ३४०, त्यापुढच्या सालीं ३५५. तो पुरतो कीं नाहीं याचें भांडण वेगळें; पण दरसाल आंकडा उघड होतो, म्हणून भांडतां तरी येतें. शस्त्रक्रियेचा दर कोणत्या खर्चावर ठरला, हें आमच्या गांवांत कोणाला ठाऊक आहे?

मात्र इस्पितळवाल्यांनींही कान देऊन ऐकावें. दर वाढवून मागतां तर माप उघडें ठेवा. कारखान्यावर काटामारी झाली तर आम्ही गाड्या अडवितों. इस्पितळांतली काटामारी आम्ही कां सोसावी? नवा दर घ्यावयाचा आणि वरचे पैसेही घ्यावयाचे, हें चालणार नाहीं. दरपत्रक व रोग्यांच्या हक्कांची सनद दर्शनी भागीं लावावी, असें राज्याच्या २०२१ च्या नियमांत आहे. तें मराठींत, मोठ्या अक्षरांत आणि दाराशीं लावा; जिन्याखालीं अंधारांत नको. ‘इतर’ या शब्दाखालीं घेतलेला रुपया चोरीचा समजावा आणि दुप्पट परत करवावा.

आणि सरकारी दवाखान्याचें काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व इस्पितळांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सारें फुकट झालें. या निर्णयाचें आम्ही स्वागत करतों. पण आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? फी शून्य केली आणि डॉक्टरची जागा रिकामी ठेवली, तर रोगी शून्य रुपयांत शून्य उपचार घेऊन खासगी दाराशीं जातो. राज्यांनीं आपल्या अंदाजपत्रकांतील शंभरांतले आठ रुपये २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावे, असें २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत लिहिलें आहे. महाराष्ट्रानें तो आंकडा गांठला नाहीं. पैसे न देण्याच्या ऐपतीमुळें कोणी उपचारावांचून राहूं नये, हें भोर समितीनें १९४६ सालींच सांगून ठेवलें होतें. तेव्हां जन्मलेलीं मुलें आज म्हातारीं होऊन त्याच दाराशीं उभीं आहेत.

आमचें मागणें थोडें आहे. दरसाल एका ठरलेल्या तारखेला योजनेचे दर, कुटुंबाची मर्यादा आणि निर्धनांच्या उत्पन्नाची मर्यादा, हे तिन्ही आंकडे महागाई पाहून सुधारावे. दर ज्या खर्चावर ठरला तो खर्च मराठींत छापावा. इस्पितळाचे पैसे मुदतींत द्यावे. मुदत चुकली तर व्याज द्यावें, जसें आमच्याकडून सोसायटी घेते. आणि वरचे पैसे घेणाऱ्याला योजनेंतून काढून त्याचें नांव गांवोगांवीं चावडीवर लावावें.

तुम्ही काय करावें? पावतीवांचून पैसा देऊं नका. ‘खाट नाहीं’ म्हणाले तर तें लिहून मागा. इस्पितळांत आरोग्यमित्र म्हणून माणूस नेमलेला असतो, त्याला गांठा; तो हलला नाहीं तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्रामसभेंत रस्ता-पाण्याबरोबर दुखण्याचाही हिशेब मागा. गांवांतील कोणाकोणाकडून वरचे पैसे घेतले याची एक वही ठेवा. शंभर घरांच्या तोंडच्या तक्रारी वाऱ्यावर जातात. शंभर पावत्यांची वही कोणालाही उडवून लावतां येत नाहीं.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं सरकारास हाच जाब विचारला होता कीं, रयतेच्या घामाचा पैसा कोणाच्या शिक्षणावर उधळतां? १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें गेल्या. त्यांनीं कोणा रोग्याकडून ‘इतर’ म्हणून पैसे मागितले नाहींत. त्या घराचें नांव योजनेला देणें सोपें आहे, पाटी रंगविली कीं झालें. पण त्या पाटीखालून कुंभारीण रडत बाहेर पडत असेल, तर तें नांव आपण मिरवावें काय, याचा विचार सरकारनें करावा. आणि तें नांव आपलें मानणाऱ्या प्रत्येक घरानें पावती मागावयाला शिकावें.