फोनवरची मुलाखत आणि आपले घर



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. परंतु गटागटांत फिरताना गेली काही वर्षे जे पाहतो आहोत, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या पोरापोरींच्या नोकरीची पहिली मुलाखत आता पुष्कळदा फोनवरच होते. 2020 च्या टाळेबंदीपासून तर ही पद्धत फारच रूढ झाली. पुण्याची कंपनी आलेल्या सगळ्या अर्जदारांना तिकडे बोलावीत नाही. फोनवर पंधरा-वीस मिनिटे बोलून त्यांतले थोडे निवडते आणि तेवढ्यांनाच समोर बोलावते. म्हणजे फोनवर जो गळला तो गळलाच. आपल्या घरांत मात्र अजून "मुलाखत कसली, नुसता फोन येणार आहे" असेच चालले आहे. आमचे स्पष्ट मत असे की, आपली मुले इथे कमी पडतात ती बुद्धीने नव्हे, तयारीने; आणि त्या तयारीतला निम्मा वाटा घरच्या माणसांचा आहे.

दुसऱ्याला बोल लावण्याआधी आमचाच एक दोष सांगतो. मागल्या हंगामात आम्ही एका सभासदांच्या खोडव्याची पाहणी करण्यास गेलो होतो. घराचे दार लोटलेले. आम्ही सवयीप्रमाणे अंगणातूनच मोठ्याने हाक मारली, "ओ दादा, आहात का घरात?" त्याबरोबर कुत्रे भुंकायला लागले, म्हातारी "कोण हाय?" म्हणत बाहेर आली. आत त्यांचा डिप्लोमा झालेला मुलगा चाकणच्या एका कंपनीला फोनवर मुलाखत देत होता. एका कानात बोट घालून तो मागल्या दाराने गोठ्याकडे पळाला, आणि गोठ्याजवळ रेंज नाही. फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा तिकडच्या साहेबांनी "नंतर कळवतो" म्हणून सांगितले. ते कळवणे अजून आलेले नाही. वडील म्हणाले, "जाऊ द्या साहेब, नशीब त्याचं." नशीब कसले! आम्हांला कुणी फाटकातच थांबवले असते तर वेळ निभावली असती. तो पोरगा आता काट्यावर भेटला की आम्हांलाच मान वर करवत नाही.

तेव्हा जागा आणि वेळ आधी पाहा. घराच्या कोणत्या कोपऱ्यात आवाज स्वच्छ जातो, हे आदल्या दिवशी त्याच वेळेला पाहुण्याला फोन लावून तपासावे. पत्र्याची खोली पावसाळ्यात उपयोगाची नाही. सर आली की काहीच ऐकू येत नाही. वीज गेली की कित्येक गावांत टॉवरही मान टाकतो, म्हणून शेजारच्याकडे दुसऱ्या कंपनीचा फोन असल्यास तो मागून ठेवावा. त्या दिवशी पाण्याची पाळी बापाने धरावी. फडात टोळी आली असली तरी पोराला तासभर बोलावू नये. ट्रॉली भरायची राहत नाही. आणखी एक कटू गोष्ट लिहितो. मुलाची मुलाखत असली तर निदान टीव्ही तरी बंद होतो. मुलीची असली तर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कुकरच्या शिट्टीजवळ बसलेली असते, आणि मध्येच कुणी तरी "चहा टाक गं" म्हणतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मुलाखतीचे. समोर बसलेल्या साहेबापुढे मान हलवली तरी भागते. फोनवर हललेली मान ऐकू येत नाही. तिथे तोंडाने "होय साहेब" म्हणावे लागते. उत्तर सुचत नसेल तर "एक मिनिट विचार करून सांगतो" म्हणावे, नाही तर गप्प बसलेल्या माणसाचा फोन तुटला असेच पलीकडच्याला वाटते. आवाज तुटक येत असेल तर अंदाजाने उत्तर ठोकू नये. "साहेब, प्रश्न नीट ऐकू आला नाही" म्हणण्यात कमीपणा नाही. खाटेवर आडवे होऊन बोलणारा आवाजावरून कळतो, आणि तोंडात तंबाखू धरलेला तर लगेच कळतो. एक सोय मात्र फोनवरच मिळते: कागद समोर ठेवता येतो. बायोडाटा, कंपनी काय बनवते त्याच्या चार ओळी, आपल्याला विचारायचे दोन प्रश्न, आणि बोलणाऱ्या साहेबांचे नाव लिहून घ्यायला पेन. फक्त पाठ केलेले वाचून दाखवू नये. वाचलेले वाक्य लगेच ओळखू येते.

सर्वांत अवघड जातो तो सुरुवातीचा प्रश्न, "स्वतःविषयी सांगा." आपली मुले नाव, गाव, शिक्षण सांगतात, "घरी शेती आहे" म्हणतात आणि थांबतात, जसे काही शेती म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. आमच्या गटातल्या एका सभासदाच्या मुलीने असे केले नाही. शेतीची पदवी झालेली, ठिबकच्या धंद्यातल्या एका कंपनीचा फोन होता. तिने सांगितले, की आम्ही खोडव्याचे पाचट जाळत नाही. सरीत दाबून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू टाकतो. वडील आधी तयार नव्हते, म्हणून पहिल्या वर्षी अर्ध्याच एकरात करून दाखवले. पलीकडचे साहेब मग तेच विचारीत बसले: वडिलांना कसे पटवले, ओल किती टिकली, उंदरांचा त्रास झाला का. पुढच्या आठवड्यात तिला पुण्याला बोलावणे आले. इंग्रजी तिचे मोडकेतोडकेच होते. अडले तिथे विचारून हिंदीत बोलली. असे सांगण्यासारखे प्रत्येक सभासदाच्या घरात काही तरी असतेच. फोनच्या आदल्या रात्री बापाने पोराजवळ बसून ते आठवून द्यावे, आणि काकाने दुसऱ्या खोलीतून फोन लावून पंधरा मिनिटे खोटी मुलाखत घ्यावी. फोनमध्ये ते बोलणे भरून घेऊन ऐकले की आपण किती वेळा "म्हणजे" म्हणतो ते कळते. आम्ही स्वतःचे एकदा ऐकले आणि पुन्हा ऐकायचे धाडस झाले नाही.

पगाराचे बोलणे निघाले तर वर्षाचा एकूण आकडा आणि हातात येणारी रक्कम यांत फरक असतो, हे पोरांना सांगून ठेवा. भविष्य निर्वाह निधीचे मूळ पगाराच्या 12 टक्के आणि इतर कपाती आधी जातात. उसाचे बिल पाहणाऱ्या माणसाला कपात म्हणजे काय हे आम्ही शिकवायला नको! आणि जो फोनवर नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागतो किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतो, तो भामटा समजावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

संचालक मंडळापुढे आमचे एक म्हणणे आहे. शेतकी खात्याच्या प्रत्येक गट ऑफिसात मागे एक खोली आहे. हंगाम संपला की तिथे रिकामी पोती आणि जुनी नोंदवही यांशिवाय काही नसते. ती खोली झाडून, एक टेबल-खुर्ची ठेवून, सभासदांच्या मुलामुलींना फोनच्या मुलाखतीसाठी वापरू द्यावी. खर्च नाही म्हटले तरी चालेल. मंजुरी येईपर्यंत आमच्या गटापुरते आम्ही ठरवले आहे: आदल्या दिवशी निरोप द्या, खोली उघडून ठेवू, आणि तेवढा वेळ शिपायाला बाहेर बसवू. आम्ही स्वतःही बाहेरूनच, हळू आवाजात बोलू.